दिवा किती वीज खातो, यापेक्षा तो गाडीला झोपू देतो का हे आधी पाहा

कोल्हापुरातील एका मोटारमालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ महिन्यांपूर्वी घेतलेल्या विद्युत एसयूव्हीला त्यांनी बाहेरच्या दुकानातून तीन प्रकारचे दिवे बसवून घेतले: दार उघडताच उजळणारी पायदाने, पुढच्या बाजूस प्रकाशित बोधचिन्ह आणि डिकीच्या रुंदीभर लाल एलईडी पट्टी. पावसाळा सुरू झाल्यापासून डिकीवरची पट्टी लुकलुकते, गाडी लॉक केल्यावरही बोधचिन्ह मिणमिणत राहते, आणि मुख्य बॅटरीत ८० टक्के चार्ज असताना दोनदा सकाळी गाडी चालूच झाली नाही. दोन्ही वेळा ती दोन-तीन दिवस उभी होती आणि चार्जरला लावलेली नव्हती. सर्व्हिस सेंटरने सगळे दिवे काढून टाकायला सांगितले आहे. बसवणारा कारागीर म्हणतो की एलईडी इतकी कमी वीज घेते की तिच्यामुळे बॅटरी उतरणे शक्यच नाही. कोणाचे खरे मानावे?

कारागिराचे गणित बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. मिणमिणणारे बोधचिन्ह फार तर दहा-वीस मिलिअँपिअर घेत असेल आणि तेवढ्याने ४५ अँपिअर-तासांची बॅटरी रिकामी व्हायला तीन ते सहा महिने लागतील. पण एखादा दिवा स्वतः फारशी वीज न घेताही गाडीला जागे ठेवू शकतो, म्हणजे लॉक केल्यावरही तिचे नियंत्रक बंद होऊ देत नाही, आणि जागी राहिलेली विद्युत मोटार आपली लहान बॅटरी एक-दोन रात्रींत संपवते. तुमच्या वर्णनावरून मला हीच शक्यता सर्वांत मोठी वाटते आणि माझा पहिला संशय पायदानांवर आहे, जरी तक्रारीत त्यांचा उल्लेख सर्वांत कमी असला तरी.

विद्युत मोटारीत दोन बॅटऱ्या असतात, हे अनेक मालकांना गाडी बंद पडल्यावरच कळते. सीटखालची मोठी बॅटरी शेकडो व्होल्टची असते आणि ती मोटर फिरवते. दिवे, दारांची कुलुपे, पडदा आणि सगळे नियंत्रक मात्र १२ व्होल्टच्या लहान बॅटरीवर चालतात. मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर नावाचे जाड विद्युत-चलित स्विच जोडले जाण्यासाठीही हीच १२ व्होल्टची वीज लागते. त्यामुळे लहान बॅटरी उतरली की मोठी भरलेली असूनही गाडी निर्जीव होते. पेट्रोल गाडीत अल्टरनेटर जे काम करतो, ते येथे डीसी-डीसी कन्व्हर्टर करतो. तो मोठ्या बॅटरीतून लहान बॅटरी भरतो, पण सहसा गाडी ‘रेडी’ (चालवायला तयार) असताना किंवा चार्जिंग सुरू असतानाच. काही गाड्या उभ्या असतानाही मधूनमधून लहान बॅटरी भरून घेतात, परंतु सगळ्या तसे करत नाहीत.

आता तुमच्याच प्रश्नातला धागा पाहा. गाडी चार्जरला नव्हती त्याच वेळी ती बंद पडली. याचा अर्थ इतर रात्रीही गळती होत असणार. फक्त चार्जिंगच्या वेळी कन्व्हर्टर ती भरून काढत होता आणि दोष झाकला जात होता. म्हणून ‘रोज तर नीट चालते’ हा दिलासा मानू नये. गळती रोजचीच आहे.

तपासणीआधी सुरक्षिततेविषयी. नारिंगी आवरणाच्या केबल उच्च दाबाच्या असतात. त्यांना हात लावू नये, त्यांच्या क्लिपांना दुसरी वायर बांधू नये आणि त्यांच्या आसपास ड्रिल चालवू नये. पायदाने ज्या उंबरठ्याला बसवतात त्याच्या आतल्या बाजूस बॅटरीचा खोका असतो, त्यामुळे पायदानांसाठी पत्र्याला नवी भोके पाडली असतील, तर गाडी लिफ्टवर घेऊन ती भोके कोठे गेली आहेत हे सर्वांत आधी पाहावे. खोक्याला किंवा नारिंगी केबलीला स्क्रूचा स्पर्श झाल्याची किंचितही शंका आली, तर पुढची कोणतीही तपासणी न करता गाडी कंपनीच्या प्रशिक्षित तंत्रज्ञाकडे द्यावी. पंचगंगेच्या पुराचे पाणी ज्या गाडीत शिरले आहे, तिच्या बाबतीतही हेच करावे. खाली जे सांगतो ते फक्त १२ व्होल्टच्या बाजूचे आहे.

पहिले काम म्हणजे लहान बॅटरी बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरून घेणे आणि काही तास थांबून तिचा दाब (व्होल्टेज) मोजणे. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण अर्धी आणि ११.९ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. शिसे-आम्ल प्रकारची बॅटरी दोनदा पूर्ण उतरली की तिच्या प्लेटांवर सल्फेट साचते आणि तिची क्षमता कमी होते, म्हणून लोड टेस्टही (भार देऊन बॅटरी तपासणे) करून घ्यावी. ती नापास झाली तर बॅटरी बदला, पण बॅटरी बदलून दोष गेला असे समजू नका. नवी बॅटरीही त्याच गळतीने उतरेल.

त्यानंतर गाडी झोपते की नाही ते पाहायचे. हा भाग घाईत केला तर हमखास चुकतो. बोनेट उघडून ठेवावे, पण त्याच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने बंद करावी, म्हणजे गाडीला बोनेट लागले असे वाटेल. गाडी लॉक करावी, किल्ली घरात दूर नेऊन ठेवावी आणि मोबाइलवरचे गाडीचे अ‍ॅप अजिबात उघडू नये, कारण अ‍ॅप उघडले की गाडी जागी होते. निदान पाऊण तास जाऊ द्यावा. मग मिलिअँपिअर दाखवू शकणारा डीसी क्लॅम्प मीटर (केबल न सोडवता तिच्यातील प्रवाह मोजणारा चिमटा) बॅटरीच्या ऋण केबलीभोवती लावावा. केबल सोडवून मल्टीमीटर मध्ये जोडण्याची जुनी पद्धत येथे टाळावी. वीज क्षणभर तुटली की सगळे नियंत्रक नव्याने जागे होतात आणि तुम्ही भलतेच काही मोजत बसता. वीस ते पन्नास मिलिअँपिअर हा सामान्य आकडा आहे. अधूनमधून तो काही क्षण वाढून पुन्हा खाली येणेही नेहमीचे असते. परंतु पाऊण तासानंतरही मीटर दोन-तीन अँपिअर दाखवत असेल, तर तेवढी वीज कोणतीही एलईडी पट्टी घेत नाही, ती जागी असलेली गाडी घेत आहे. दोन अँपिअरने ४५ अँपिअर-तासांची बॅटरी एका दिवसातच संपते.

मीटर नसला तरी कानाने अंदाज येतो. रात्री शांतता असताना गाडीजवळ उभे राहा. लॉक करून तासभर झाला तरी एखादा पंप किंवा पंखा मधूनच फिरतो, रिलेची (विजेने चालणाऱ्या स्विचची) टिकटिक ऐकू येते, स्विचवरचा बारीक दिवा तेवत राहतो, ही सगळी जागेपणाची चिन्हे आहेत.

गाडी जागी का राहते? पायदानांना ‘दार उघडले’ हा संकेत हवा असतो आणि तो मिळवण्याचा सोपा मार्ग म्हणून कारागीर दाराच्या स्विचच्या वायरला किंवा आतल्या छताच्या दिव्याच्या वायरला जोड देतात. जुन्या गाड्यांत दाराचा स्विच थेट दिवा लावत असे, त्यामुळे तसा जोड चालून जाई. आताच्या गाडीत ती वायर बॉडी कंट्रोल मॉड्यूलकडे (दारे, दिवे, कुलुपे सांभाळणाऱ्या नियंत्रकाकडे) जाते आणि तिच्यावरच्या दाबावरून मॉड्यूल दार उघडे की बंद ते ठरवते. पायदानाच्या नियंत्रक डबीत पाणी शिरले किंवा जोडाच्या जागी ओल धरली की त्या वायरवरून बारीक प्रवाह गळू लागतो, मॉड्यूलला दार अर्धवट उघडे असल्याचा भास होतो आणि ते स्वतः झोपत नाही, इतरांनाही झोपू देत नाही. पावसाळा सुरू होताच तुमचा त्रास सुरू झाला, हे याच्याशी जुळते. खात्री करणे अवघड नाही: पायदानांची संकेताची वायर गाडीच्या मूळ वायरीपासून पूर्ण सोडवा, उघडे टोक नीट बंद करा आणि वरची पाऊण तासाची मोजणी पुन्हा करा. आकडा पन्नास मिलिअँपिअरच्या आत आला, तर चोर सापडला. केवळ पायदानांचा फ्यूज काढून ही चाचणी होत नाही, कारण फ्यूज काढला तरी संकेताची वायर जोडलेलीच राहते. अनेक जण येथेच फसतात आणि ‘दिवे बंद करून पाहिले, तरी बॅटरी उतरली’ असे सांगत परत येतात.

ही चाचणी करूनही प्रवाह जास्तच राहिला, तर फ्यूज एकेक उपटत बसू नका. प्रत्येक वेळी एखादे मॉड्यूल जागे होईल. प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावर मोजणीसाठी दोन उघडे बिंदू असतात. त्यांच्यात मल्टीमीटरने मिलिव्होल्ट मोजा. १० अँपिअरच्या फ्यूजमधून १०० मिलिअँपिअर जात असतील, तर सुमारे पाऊण मिलिव्होल्ट दिसतो. झोपलेल्या गाडीत बहुतेक फ्यूजवर जवळजवळ शून्य असावे. ज्यावर आकडा दिसेल, त्या फ्यूजच्या मार्गावर पुढे शोध घ्या.

बोधचिन्हाचे मिणमिणणे बहुधा वेगळे प्रकरण आहे. एलईडीला अत्यल्प प्रवाहही उजळायला पुरतो, आणि आधुनिक मॉड्यूलच्या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून बंद स्थितीतही किंचित प्रवाह झिरपतो. शिवाय मॉड्यूल बल्ब शाबूत आहे का हे पाहण्यासाठी बारीक स्पंदनेही पाठवते. मूळच्या दिव्याला त्याचा फरक पडत नाही, पण तुमचे बोधचिन्ह पार्किंग लाइटच्या वायरवरून घेतले असेल तर ते मिणमिणेल. यासाठी पाच वॅटचा जुना तारेचा बल्ब हे उत्तम साधन आहे. बोधचिन्ह सोडवून त्याच्या वायरींवर हा बल्ब लावा आणि त्याच्या टोकांमधला दाब मोजा. नुसत्या मल्टीमीटरने आठ-दहा व्होल्ट दाखवले होते आणि बल्ब लावताच दाब शून्यावर आला, तर तो केवळ झिरपा आहे, चिंतेचे कारण नाही. बल्ब लावूनही दाब टिकला, तर ती वायर खरोखर चालू आहे आणि तिचा उगम शोधला पाहिजे.

डिकीच्या पट्टीच्या लुकलुकण्याची तीन कारणे संभवतात आणि ती ओळखण्यासाठी लुकलुकणे केव्हा होते हे नोंदवणे पुरेसे असते. ब्रेक दाबला की पट्टी स्थिर होते आणि सोडला की पुन्हा थरथरते, असे असेल तर पट्टीचा जोड मागच्या दिव्याच्या वायरला दिलेला आहे. अनेक गाड्यांत एकच एलईडी मंद प्रकाशाने टेललाइटचे आणि पूर्ण प्रकाशाने ब्रेक लाइटचे काम करते. मंद प्रकाश देण्यासाठी मॉड्यूल वीज सेकंदाला शंभर-दोनशे वेळा चालू-बंद करते. मल्टीमीटरवर अशा वायरीचा दाब १२ ऐवजी चार-पाच व्होल्ट दिसतो आणि मोबाइलवर संथगतीने केलेल्या चित्रणात पट्टी ठेक्यात उघडझाप करताना दिसते. तेथे पट्टी बदलून काहीही साधणार नाही. दुसरे कारण: डिकी उघडता-मिटता किंवा खड्ड्यातून जाताना लुकलुकते. मग छत आणि डिकी यांच्यामधल्या रबरी नळीतील वायर तपासा. नंतर घातलेली स्वस्त वायर तेथे वाकून वाकून आतून तुटते आणि बाहेरचे आवरण शाबूत दिसते. तिसरे कारण म्हणजे अर्थिंग, म्हणजे ऋण वायरीचा गाडीच्या सांगाड्याशी असलेला जोड. पट्टी चालू असताना तिची ऋण वायर आणि बॅटरीचा ऋण ध्रुव यांच्यात दाब मोजा. ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसला, तर रंगावर कसलेला किंवा गंजलेला स्क्रू शोधा.

आता पाण्याविषयी, कारण राधानगरी-गगनबावड्याच्या वाटेवर फिरणाऱ्या गाड्यांत मला सर्वांत जास्त काम यानेच दिले आहे. पट्टीच्या खोक्यावर आयपी-६७ लिहिलेले असते, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी आत पाणी जाऊ नये. हा दावा कारखान्यातून बंद होऊन आलेल्या पट्टीचा असतो. ती मापाप्रमाणे कापली आणि टोकाला वायर जोडली की त्या टोकाला कसलेही संरक्षण उरत नाही. बारीक तारांच्या वायरीत पाणी शिरले की ते दिव्यातील वातीत तेल चढावे तसे तारांमधून पुढे सरकते, त्यामुळे जोडापासून वीतभर आतपर्यंत तांबे हिरवे पडलेले आढळते. असा जोड नुसता खरवडून पुन्हा बांधू नये. लखलखीत तांबे लागेपर्यंत वायर मागे कापत जावी, वायर कमी पडली तर नवा तुकडा जोडावा, क्रिंप करून (जोडनळी दाबून) आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) चढवावी. नुसती काळी टेप गुंडाळणे म्हणजे पाणी आत कोंडून ठेवणे होय. सिलिकॉन लावायचे असेल तर ते ‘न्यूट्रल’ प्रकारचे घ्यावे. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन वाळताना आम्ल सोडते आणि तांब्याला खाते. डबीकडे येणारी वायर आधी डबीच्या खाली झुकवून मग वर आणावी, म्हणजे ओघळणारे पाणी त्या वळशावरून खाली ठिबकेल. दाबून बसवायच्या निळ्या क्लिपा, ज्या मूळ वायरीचे आवरण कापून आत पाते घुसवतात, त्या बंपरमध्ये किंवा गाडीखाली कोठेही असल्या तर काढून टाकाव्यात. उसाच्या शेतांजवळ घर असेल, तर उंदरांनी कुरतडलेली वायर आहे का हेही त्याच वेळी पाहावे.

फेरजोडणी कशी असावी? बाहेरच्या सर्व दिव्यांना बॅटरीपासून एकच स्वतंत्र वायर द्यावी आणि बॅटरीच्या धन ध्रुवापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज घालावा. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. म्हणून तो वायरीच्या जाडीला शोभेल असाच घ्यावा. तीन दिव्यांना मिळून बहुधा ५ किंवा ७.५ अँपिअरचा पुरतो. त्यापुढे रिले, आणि रिलेचे वेटोळे अशा फ्यूजवरून चालवावे जो गाडी झोपल्यावर खरोखर बंद होतो. हे मोजूनच ठरवावे. काही विद्युत मोटारींत ‘अ‍ॅक्सेसरी’ मार्ग लॉक केल्यानंतरही बराच वेळ किंवा संपूर्ण चार्जिंगभर चालू राहतो, आणि रिलेचे वेटोळे स्वतःच सुमारे १५० मिलिअँपिअर घेते. लुकलुकत्या टेललाइटच्या वायरीवर रिले चालवू नये. तो तडतडेल आणि लवकर खराब होईल. ऋण वायर गाडीच्या सांगाड्याला लावावी, थेट बॅटरीच्या ऋण ध्रुवाला नको, कारण बऱ्याच गाड्यांत त्या ध्रुवावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो आणि त्याला टाळून गेलेला प्रवाह गाडीच्या हिशेबात येत नाही. पायदानांना दाराचा संकेत हवाच असेल, तर गाडीच्या वायरीला स्पर्श न करता चालणारे स्वतंत्र चुंबकीय स्विच दाराला बसवून घ्यावेत. खर्च थोडा वाढतो, पण मॉड्यूलशी संबंध पूर्ण तुटतो, आणि माझ्या मते या गाडीसाठी हाच एक मार्ग योग्य आहे. कंपनीची मूळ वायर न कापता काम केले, तर वॉरंटीचा वादही टळतो.

पुढच्या बोधचिन्हाबाबत आणखी एक गोष्ट तपासा. तुमच्या गाडीत पुढच्या वाहनाचे अंतर ओळखून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असेल, तर तिचा रडार काही गाड्यांत बोधचिन्हामागे किंवा बंपरच्या जाळीमागे असतो. प्रकाशित बोधचिन्हातील तांब्याची पाटी रडारच्या लहरी अडवते. तेथे दोष सतत दिसेलच असे नाही. यंत्रणा मधूनच आंधळी होणे अधिक धोक्याचे आहे. रडार त्यामागे असेल तर बोधचिन्ह काढून मूळचेच बसवावे, यात तडजोड करू नये.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०८ नुसार पुढे लाल प्रकाश दाखवता येत नाही, आणि मागे रिव्हर्स, इंडिकेटर, नंबरप्लेट अशा ठरावीक दिव्यांखेरीज लाल सोडून दुसरा रंग चालत नाही. तुमची पट्टी लाल आहे हे ठीक. पण ती ब्रेक लाइटइतकी प्रखर असेल, तर धुक्यात आंबा घाट चढताना मागच्या चालकाला तुम्ही ब्रेक लावला की नाही हे कळणार नाही, म्हणून तिचा प्रकाश कमी ठेवा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८२-अ (४) नुसार अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. जबाबदारी बसवणाऱ्याची नव्हे, मालकाची असते.

सर्व्हिस सेंटरने दिलेला सल्ला तपासणीचा पहिला टप्पा म्हणून योग्यच आहे. सगळे दिवे आणि त्यांचे संकेतजोड एकदा पूर्ण सोडवून मोजणी करा, मग एकेक जोडून पुन्हा मोजा. प्रत्येक वेळी पाऊण तास थांबावे लागेल, त्यामुळे एक अख्खा रविवार यासाठी राखून ठेवा. सगळे जोडून झाल्यावर लहान बॅटरीचा दाब लिहून ठेवा, पायदानांवर आणि डिकीवर नळीने भरपूर पाणी मारा, आणि गाडी चार्जरला न लावता, अ‍ॅप न उघडता तीन दिवस उभी ठेवा. चौथ्या दिवशी सकाळी दार उघडण्याआधीच बॅटरीवर मीटर लावता यावा, म्हणून आधीच दोन वायरी बोनेटबाहेर काढून ठेवा. १२.४ व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब दिसला, तर बंपर आणि उंबरठ्याची आवरणे परत बसवायला हरकत नाही.